कुर्लीचं तोंड

परवा रविवारी सकाळी शेजारच्या बागेत फवारणीचा पंप सुरू झाला आणि मी सवयीने माजघराच्या खिडक्या लावायला उठलो. एक लावली. दुसरीचा खटका हाताला लागेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वृंदा, माझी बायको, म्हणाली, "अवो, आता कित्याक लावतास? आज खंयची कुर्ली बोलाची आसा?"

मी खिडकीला हात लावून तसाच उभा राहिलो. खरंच, आज कुठल्याच खेकड्याचा आवाज रेकॉर्ड करायचा नव्हता. पण हाताला ते ठाऊक नव्हतं. पंपाचा आवाज आला की खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, भाताच्या खोलीत जाऊन डोक्यावरून गोधडी घ्यायची, हे गेल्या वर्षीच्या माघ-फाल्गुनात अंगात इतकं मुरलं की वर्षभराने तोच आवाज आला आणि पाय आपोआप वळले.

आमच्या मिठबावच्या बाजूला या दिवसांना स्वतःचं असं नाव नाही. थंडी पुरती गेलेली नसते, उन्हाळा पुरता आलेला नसतो. पहाटे अंगणात गेलं तर सारवणावर दव असतं आणि दहा वाजेपर्यंत तेच अंगण तळव्याला चटका देतं. मोहोर गळून वाटेवर चिकट थर साचतो, चपला चिरचिर वाजतात. काजूची पहिली बोंडं पिवळी होतात, त्यांचा आंबूस-गोड वास कपड्यांना लागतो. माणसं एकमेकांना भेटली की तब्येत विचारायच्या आधी "मोहोर धरलो काय?" असं विचारतात आणि उत्तर ऐकताना आभाळाकडे बघतात. सगळं गाव कशाची तरी वाट बघत असतं. गेल्या वर्षी आम्हीही बघत होतो. फक्त आमची वाट मोहोराची नव्हती.

देवळातली जत्रा झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णांना, माझ्या वडिलांना, झटका आला. हाता-पायावरून गेलं ते हळूहळू परतलं. बोलणं मात्र परतलं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, शब्दही आत आहेत, पण शब्दांची बाहेर यायची वाट बुजली आहे. ती मोकळी व्हायची असेल तर ह्या पहिल्या काही महिन्यांतच. पुढे अवघड होत जाईल. अण्णा तिथेच खाटेवर बसून हे ऐकत होते आणि एकदा डॉक्टरांकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

अण्णांचं बोलणं गेलं म्हणजे काय गेलं, हे आमच्या गावाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. अण्णा देवळात गाऱ्हाणं घालायचे. साऱ्या गावाच्या वतीने देवापुढे उभं राहून ते मोठ्या आवाजात एकेक मागणं मागायचे आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचे. अण्णांचं गाऱ्हाणं वारा बरा असला तर किनाऱ्यावर होड्यांपाशी ऐकू यायचं, असं लोक सांगत. घरातही त्यांचा आवाज तोच. देवाला विनवणी असे आणि आम्हाला हुकूम, एवढाच काय तो फरक. मीठ हवं असलं तरी ते अशा आवाजात मागायचे की गोठ्यातली गाय मान वळवून बघे. आई असेपर्यंत ती त्या आवाजाला मधेच "हळू रे हळू" म्हणायची. आई गेल्यावर तसं म्हणणारं कुणी उरलं नाही.

आता पुढचं वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवतो आहे. अण्णांचा आवाज गेला, घर शांत झालं, आणि त्या शांततेत मला बरं वाटलं.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो. पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस. त्या दिवसांत शाळेतून घरी येताना आयुष्यात पहिल्यांदा माझी चाल मंद नव्हती. बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या फाटकातून, शिरताना आतला कानोसा घ्यावा लागत नव्हता. कपबशी वाजत होती, पाखरं ऐकू येत होती, घड्याळाची टिकटिकसुद्धा. आणि समोर खाटेवर माझा बाप पाण्याचा तांब्या दाखवायलासुद्धा बोट शोधत होता. तांब्या त्यांच्या हाती देताना मला माझी लाज वाटायची आणि तरीही ती शांतता कानाला गोड लागायची. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं. मी त्यातलं एक खोटं ठरवायचा खूप प्रयत्न केला, पण जमलं नाही.

कुडाळला एक मॅडम वाचेचे उपचार करत. घाटावरच्या, तरुण, फार मायाळू. त्यांनी चित्रांची कार्डं दिली. सफरचंद, आगगाडी, छत्री, बदक. एकेक दाखवायचं, नाव विचारायचं. अण्णा सफरचंदाकडे असे बघत, की हे आमच्या बागेत कुणी लावलं! मग मॅडम म्हणाल्या, "कार्डं राहू देत. तुम्ही त्यांच्यासमोर बसा. तुमचं तोंड त्यांना नीट दिसू दे. तुम्ही 'आ' म्हणा, त्यांना तुमच्यासारखं तोंड करू दे."

मी बसलो. मी 'आ' केला. अण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशी तर मी बसायच्या आधीच मान वळली. मला आधी राग आला आणि मग कळलं. ज्या मुलाला त्यांनी 'आ' म्हणायला शिकवलं, त्याच्या तोंडाकडे बघून आता त्यांनी 'आ' शिकायचा? ते त्यांच्याकडून होणार नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर माझ्याकडूनही झालं नसतं. आमच्या दोघांच्या मधे तिसरं कुणीतरी हवं होतं. ज्याचा मान राखावा लागणार नाही आणि ज्याच्यापुढे मान जाणारही नाही, असं कुणीतरी.

मी कुर्ली काढली. त्यात काही मोठा विचार नव्हता. खेकड्याचं चित्र सोपं असतं. काड्यांवर बसवलेले दोन डोळे, दोन नांग्या आणि मधे तोंड. शाळेच्या टॅबवर काढली आणि वाटलं, हिचं तोंड हललं तर?

बाबल माझा बालपणापासूनचा सोबती. लग्नांची शूटिंग करतो आणि मिक्सिंगही स्वतःच. त्याच्याकडे गेलो आणि विचारलं, कार्टून बनवायचं सॉफ्टवेअर कुठलं? तो काँप्युटरवरून मान न वळवता म्हणाला, "एका सॉफ्टवेअरात सगळा होता असा तुका कोणी सांगल्यान? जेवणात कसा असता? भात वेगळो शिजता, वाटप वेगळा वाटूचा लागता, सोलकढी तिसरीकडे. ताटात एकत्र येवक व्हयी, म्हणजे झाला. तू एकाच टोपात सगळा घालूक बघतंस, मेल्या."

त्याचं म्हणणं किती खरं होतं ते पुढच्या दिवसांत कळलं. चित्र काढायचं एका ॲपवर आणि तेही अख्खं नाही. नांग्या वेगळ्या, डोळे वेगळे, पाय वेगळे, तोंड तर सुटंच. ती सुटी चित्रं दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये न्यायची आणि कळसूत्री बाहुलीला सांधे जोडतात तशी जोडायची. आवाज मोबाइलवर घ्यायचा आणि तिसरीकडे साफ करायचा. चौथा प्रोग्रॅम तो आवाज ऐकून तोंडाचे आकार ठरवायचा. आणि सगळं शेवटी बाबलच्या काँप्युटरवर, ज्या प्रोग्रॅमात तो नवरा-नवरीवर अक्षता टाकतो, त्यात एकत्र यायचं.

एका घरातून दुसऱ्या घरात जाताना सामान हरवतं तसं व्हायचं. इकडून नीट निघालेली कुर्ली तिकडे पोचायची तेव्हा एक नांगी गायब. डोळे पाठीमागे गेलेले. कधी तिच्यामागे एक पांढरा चौकोन चिकटून यायचा, जशी काय ती कागदावर बसूनच प्रवासाला निघाली होती. एकदा तर रंगच बदलला. करडी-हिरवी पाठवली आणि पडद्यावर उघडली तर लालभडक. वृंदा मागे उभी होती. म्हणाली, "अवो, ही तर शिजली!"

मी हसलो. मोठ्याने हसलो. आणि मग पटकन पडवीकडे पाहिलं, अण्णांनी ऐकलं की काय. आजारी माणसाच्या घरात हसण्याची मला चोरी वाटत होती.

पहिली फिल्म अर्ध्या मिनिटाची झाली. अण्णांना टीव्हीसमोर बसवलं. पडद्यावर कुर्ली आली, तिने नांगी वर केली आणि माझ्या आवाजात म्हणाली, "नमस्कार. मी खेकडा आहे. आज आपण सोपे शब्द म्हणायचा प्रयत्न करूया." अण्णांनी सगळं पाहिलं. शाळेच्या संमेलनात पाहुण्यांचं भाषण पाहावं तसं, सभ्यपणे. आणि मान वळवली.

बाबल माझ्या शेजारी बसला होता. त्याने विचारलं, "ही कुर्ली तहसीलदाराच्या ऑफिसात कामाक लागली काय रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? 'प्रयत्न करूया'! तुझ्या बापाशीन जन्मात कधी प्रयत्न करूया म्हटलेला हा? तू तरी घरात असा बोलतंस?"

मी बोलत नव्हतो. घरात मी माका-तुका बोलतो आणि शाळेच्या फाटकात शिरलो की मला-तुला. हे कुणी शिकवलेलं नाही. आमच्याकडे सगळेच असं करतात. समोर खुर्चीवर साहेब असला, हातात अर्ज असला किंवा तोंडापुढे माइक आला की आमची जीभ आपोआप पँट घालते. गोधडीखाली, भाताच्या पोत्यांच्या मधे, एकटा मी आणि मोबाइल. तरी जीभ पँट घालून बसली होती! बापाला बोलतं करायला निघालो आणि बापाच्या बोलीतच बोलायचं विसरलो. दुसऱ्या कुठल्या मुलुखात ही चूक कुणी करत असेल, असं मला वाटत नाही.

दुसऱ्या वेळी कुर्ली म्हणाली, "काय रे, पेज जेवलंस काय? माका भूक लागली हा."

ह्या खेपेला बाबलने जोडणी केली होती आणि हात सवयीवर गेल्यामुळे कुर्लीची एंट्री बदामाच्या आकारातून, गुलाबाच्या पाकळ्या उधळत झाली होती. त्या पाकळ्यांमधून वाकडी चालत ती आली, मधे थांबली आणि पेजेची चौकशी करू लागली. अण्णांच्या घशातून एक आवाज आला. आम्ही दोघं घाबरून उठलो. ठसका लागला की काय! ते हसत होते. तोंडाची एक बाजू वर आणि एक खाली, पण हसत होते. झटक्यानंतर त्यांच्या गळ्यातून निघालेला तो पहिला मोकळा आवाज.

"बघ," बाबल म्हणाला, "माझो इफेक्ट."

त्यानंतरचे दिवस मी कसे सांगू? शाळा सुटली की मी जवळजवळ पळत घरी यायचो. उन्हं कलायच्या आत एखादं वाक्य, एखादी हालचाल व्हायला हवी असायची. तोंडाचे आकार ठरवणारा तो प्रोग्रॅम परक्या भाषेवर शिकलेला. त्याला आमच्या बोलण्याचा अंदाज येईना, म्हणून मी आरसा घेऊन बसलो आणि तोंडं हाताने काढू लागलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी इतकी वर्षं ह्याच तोंडाने बोलूनही आली नव्हती. इलो, गेलो, बरो, जेवलो. आमच्याकडचा पुरुष बोलणं संपवतो तेव्हा त्याचं तोंड गोल झालेलं असतं. जणू प्रत्येक वाक्य शेवटी दूरच्या कुणाला तरी हाक मारतं. मी चित्र काढता काढता थांबलो आणि पडवीत बसलेल्या अण्णांकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते.

हळूहळू ते कुर्लीबरोबर ओठ हलवू लागले. आवाज नाही, नुसते ओठ. माझ्या तोंडाकडे न बघणारा माणूस कुर्लीच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. तिच्यासमोर चुकायची त्याला लाज नव्हती. ती स्वतःच वाकडी चालायची.

तोंड हलवताना मधूनच त्यांच्या मानेवरचा घाम मी पुसायचो. तेवढं ते पुसू देत.

वृंदाला मी कुर्लीच्या बायकोचं काम दिलं. आम्ही दोघं एका गोधडीखाली, त्या उकाड्यात, मधे मोबाइल. मी लिहून दिलं होतं, "जेवण तयार आहे." तिने तो कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, "खंय होतास इतको वेळ? घरात बायल आसा ह्याची आठवण आसा काय तुमका? येतास, जेवतास, कागद घेवन बसतास. मी काय भिताड?" गोधडीच्या आत तिचं तोंड दिसत नव्हतं. मग म्हणाली, "असा म्हणतली ती." रेकॉर्डिंग चालूच होतं. मी ते तसंच ठेवलं, एक अक्षरही कापलं नाही. अण्णांना तो भाग फार आवडायचा. तो आला की ते माझ्याकडे बघायचे.

मी सुखी होतो. हे लिहिताना हात अडतो, पण होतो. इतकी वर्षं मुलांच्या वह्यांतले डोंगर आणि झोपड्या तपासणाऱ्या माझ्या हाताला पुन्हा काहीतरी सुचत होतं. समाचाराला माणसं यायची, जड चेहऱ्याने विचारायची, "कसा आसा अण्णांचा?" आणि मला भाताच्या खोलीतून बाहेर येताना ओठांवरचं हसू पुसावं लागायचं. बापाच्या दुखण्यावर मी स्वतःचा सण साजरा करतोय, असं वाटायचं. कधी कधी आणखी वाईट विचार यायचा. अण्णा बोलायला लागले तर हे सगळं संपेल. मी तो विचार झटकायचो आणि आणखी जोरात कामाला लागायचो, जणू कामाने तो फिटणार होता.

शिमगा जवळ आला. भावकीतली दोघं-तिघं पडवीत बसून बोलत होती, की ह्या वर्षी गाऱ्हाणं कोण घालणार. अण्णा आत आहेत, ऐकतायत, हे विसरून. मी पाणी घेऊन आत गेलो तेव्हा ते उशीवर पालथ्या हाताने काहीतरी पुसल्यासारखं करत होते. पुसायला तिथे काही नव्हतं.

त्याच दिवशी मला कुर्लीचं गाऱ्हाणं सुचलं. आणि भीतीही वाटली. देवाची चेष्टा तर नाही ना होणार? वृंदाला विचारलं. ती काजूची बोंडं पिळत होती. म्हणाली, "देवाक हसू येत नाय काय? इतकी वर्षां तेणा तुमचा गाव बघल्यान."

कुर्ली समुद्राकाठी उभी राहते, नांग्या जोडते आणि लाटांना गाऱ्हाणं घालते. मागे छोट्या कुर्ल्यांचा जमाव. मी गोधडी घेतली नाही. गाऱ्हाणं गोधडीखाली घालता येत नाही. पडवीत उभा राहिलो, अण्णांना वृंदाने परसात उन्हाला बसवलं होतं, आणि तोंड उघडलं.

"बा समुद्रा म्हाराजा! आज ही कुर्ली आपला बीळ सोडून तुझ्या पायाकडे इली आसा म्हाराजा! तिची चाल वाकडी आसा, ती तुका ठावक आसा. ती सरळ होवची नाय, तर नाय होवंदे. पण वाकड्या वाटेन का होईना, तिका घराक पोचव रे म्हाराजा!"

आवाज कुठून आला ते मला कळलं नाही. सूर तोच, थांबायच्या जागा त्याच. शेवटचं 'म्हाराजा' वर उचलून सोडायची लकबसुद्धा तीच. ह्या आवाजाला मी आयुष्यभर घाबरलो आणि तो माझ्याच गळ्यात राहत होता.

बाबल, वृंदा आणि शेजारची माणसं अंगणात लांब उभी होती. जमाव लांबचा वाटायला हवा, असं बाबलचं म्हणणं. ती प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणाली. पण त्याच वेळी बाजूच्या बागेत पंप सुरू झाला. बाबल त्या बागेकडे बघून ओरडला, "आवशीक खाव तुझ्या! आताच मिळालो?" आणि आम्ही पुन्हा घेतलं, तरी पंप मागे राहिलाच.

पंप काढायला मी ते रेकॉर्डिंग आवाज साफ करणाऱ्या प्रोग्रॅमात घातलं, गोंगाट काढायची खूण दाबली, कुर्लीचं तोंड तपासलं, आणि घाईत पुन्हा ऐकून न बघता बाबलकडे पाठवलं. त्याच्याकडे लग्न होतं. त्यानेही नुसती चित्रं जुळवली.

फिल्म आली त्या दुपारी अण्णांना टीव्हीसमोर बसवलं. समुद्र आला. कुर्लीने नांग्या जोडल्या. "बा समुद्रा म्हाराजा!" अण्णा खुर्चीत ताठ झाले. पहिलं मागणं संपलं आणि मागच्या छोट्या कुर्ल्यांनी तोंडं उघडली.

आवाजच नाही. पंपाबरोबर माणसंही गेली होती. लांबून आलेली ती सगळी "व्हय म्हाराजा" त्या यंत्राला गोंगाट वाटली होती आणि त्याने ती पुसून टाकली होती. छोट्या कुर्ल्या नुसती तोंडं उघडत होत्या, मिटत होत्या. मला ओशाळल्यासारखं झालं. एवढ्या दिवसांची मेहनत! मी बंद करायला रिमोट शोधू लागलो.

दुसरं मागणं संपलं. पुन्हा तीच रिकामी जागा. गाऱ्हाण्यानंतर अशी शांतता आमच्या गावात कुणी कधी ऐकलेली नाही. मागितलं आणि कुणी होकार दिला नाही, असं होतच नाही. अण्णा अस्वस्थ झाले. मागे वळून पाहिलं, जणू माणसं कुठे गेली. पडवीत मी होतो, दारात वृंदा. तिसरं मागणं आलं, "तिका घराक पोचव रे म्हाराजा!" कुर्ल्यांनी तोंडं उघडली.

"व्हय..." अण्णा म्हणाले.

घोगरा, फाटका आवाज, बुडातून ओढून काढल्यासारखा. मग श्वास घेतला.

"व्हय म्हाराजा."

सबंध, एकही अक्षर न गळता. वृंदाने तोंडावर पदर घेतला. मी रिमोट हातात धरून तसाच. अण्णा आमच्याकडे बघत नव्हते, पडद्याकडेच बघत होते आणि जरा वैतागलेले दिसत होते. एवढी माणसं असून कुणी वेळेवर होकार देत नाही म्हणजे काय!

मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, असं होतं. रोजच्या वापरातलं, वर्षानुवर्षं घोटलेलं बोलणं कधी कधी दुसऱ्या वाटेने बाहेर येतं. त्यांना खूप आनंद झाला. बाबलला मात्र आधी धक्का बसला. "कोरस खंय गेलो? माझो आवाज खंय आसा?" म्हणून तो भांडायलाच आला. सगळं कळल्यावर अंगणातल्या चिऱ्यावर बसून राहिला आणि नाक ओढत म्हणाला, "सॉफ्टवेअरान खाल्ल्यान तर बरा झाला. मी बेसूरच होतंय."

त्या यंत्राचे उपकार मी कसे मानावेत, मला कळत नाही. कुणा दूरदेशीच्या माणसाने ते बनवलं, गोंगाट काढून एकट्या माणसाचा आवाज ठेवावा म्हणून. त्याने आपलं काम चोख केलं आणि त्यामुळे एक जागा मोकळी राहिली. आम्ही सगळे मिळून अण्णांच्या तोंडात शब्द घालत होतो. त्यांना मोकळी जागा द्यायचं आमच्यातल्या कुणालाच सुचलं नव्हतं.

पुढे शब्द येत गेले, पाटाचं पाणी येतं तसे, थांबत, फुटत. 'पेज' आली, बाईमाणसाला हाक मारायचा 'गो' आला, वृंदाचं नाव आलं. माझं नाव उशिरा आलं. शिमग्याला भावकीतल्या एकाने गाऱ्हाणं घातलं आणि अण्णा देवळाच्या पायरीवर बसून इतरांबरोबर होकार देत होते, अर्धा श्वास मागे राहून. मॅडमनी आमच्या कुर्लीच्या फिल्म मागून घेतल्या. वेंगुर्ल्याच्या एका मासे विकणाऱ्या बाईला दाखवायच्या होत्या, तिचीही वाचा गेलेली. त्या बाईसाठी मी बांगडा काढला, भाव करणारा. तिला तो बघून बोलावं असं वाटलं की भांडावं असं, ते मॅडमनाही सांगता येईना, पण तोंड उघडलं, असं म्हणाल्या. मला एवढंच पुरे.

गाऱ्हाण्याचा आवाज मात्र परतला नाही. अण्णांचं आताचं बोलणं हळू आहे. एक शब्द मिळेपर्यंत ते हवेत बघतात, हात अर्धवट उचलतात. मी थांबतो. पूर्वी त्यांचं बोलणं संपायची वाट पाहायचो, आता सुरू व्हायची पाहतो. ह्या थांबण्यात मी त्यांचा चेहरा पाहिला, आयुष्यात प्रथमच नीट. कपाळावर एक जुना व्रण आहे. विचारलं, कसला? बराच वेळ शोधून म्हणाले, "माड." माडावरून पडले होते, मी जन्मायच्या आधी. मला हे माहीत नव्हतं. त्या मोठ्या आवाजात त्यांनी कधी सांगितलं असेल, तर मी ऐकलं नव्हतं.

परवा खिडकी तशीच अर्धी सोडून मी पडवीत आलो. अण्णा खांबाला टेकून बसले होते, ऊन पायरीपर्यंत आलं होतं. मोहोराचा वास होता. मी त्यांच्या बाजूला बसलो. असं काही बोलायचं मी ठरवलं नव्हतं. पण वर्षभर जे पोटात धरलं होतं त्याला जणू आता जागा पुरेना.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमका एक सांगाचा आसा."

त्यांनी मान वळवली.

"तुमचो आवाज गेलो, तेव्हा घरात सगळा गप झाला. आणि माका..." माझाच शब्द अडला. "माका बरा वाटला हुता. तुमी थयसर त्रासात, आणि माका बरा वाटला."

ते माझ्याकडे बघत राहिले. आता काय येईल ते मला ठाऊक नव्हतं. जुने अण्णा असते तर घर हादरलं असतं, आणि मला वाटतं मला तेच हवं होतं. त्यांनी हात अर्धा उचलला. ओठ हलले, थांबले. हवेत पाहिलं, जसे शब्द शोधताना बघतात. मी थांबलो.

"मा..." अण्णा म्हणाले. परत शोधू लागले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माका पण... बरा."

आणि दमून पुन्हा खांबाला टेकले. डोळे मिटलेले, चेहरा मोकळा.

आतून पेज वाढल्याचा आवाज आला. पेज वाढली की वृंदा लगेच हाक मारते, निवते म्हणून. त्या दिवशी तिने बराच वेळ हाक मारली नाही.